इंग्रज म्हणे स्वल्पविरामही हलवत नाहीत

‘छावा’मधलं लेझीमचं दृश्य प्रदर्शनाआधीच कापलं गेलं, सिनेमा फेब्रुवारी २०२५मध्ये लागला, गाजला आणि उतरलाही. आमच्या घरच्या ग्रुपवर मात्र तो वाद अजून मिटलेला नाही. संभाजी महाराज लेझीम खेळले असते का, येसूबाई खेळल्या असत्या का, यावर दोन दिवस खल झाला की गाडी हमखास दहा वर्षं मागे जाते, ‘बाजीराव मस्तानी’तल्या पिंग्यावर. काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचतीलच कशा? मग कोणीतरी काशीबाईंच्या पायाच्या दुखण्याचा दाखला देतं, कोणी भन्साळींची अक्कल काढतं. मी वाचते आणि गप्प बसते.

पण परवा कोथरूडच्या मावसभावाने जे लिहिलं त्याने डोकंच उठलं. दादा लिहितो, “इंग्रजांकडून शिका जरा. बीबीसी त्यांच्या कादंबऱ्यांवर मालिका काढते तेव्हा एक स्वल्पविराम इकडचा तिकडे करत नाही. आपल्याकडे पेशवीण नाचते.” खाली अकरा अंगठे. त्यांतले दोन माझ्या सख्ख्या काकांचे.

दादाने इंग्लंड पाहिलंय ते सहलीच्या बसच्या खिडकीतून, सकाळी पोहे आणि रात्री पंजाबी थाळी मिळण्याच्या अटीवर. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मी स्टॉकपोर्टला राहते. डिस्लीचं लाइम पार्क हे जुनं मोठं घर इथून हाकेच्या अंतरावर. अशी घरं सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्टचं कार्ड आहे, त्यामुळे शाळेच्या हाफ टर्मच्या सुट्टीत पाहुणे आले की त्यांना घेऊन तिथेच जायचं, स्कोन खायचा, गमबुटांना चिखल लावून परत यायचं. जेन ऑस्टेनच्या कादंबरीवरच्या बीबीसीच्या १९९५च्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ मालिकेत नायक डार्सीचं पेम्बर्ली म्हणून बाहेरून जे दिसतं ते हेच घर. आतल्या खोल्या डर्बीशायरमधल्या सडबरी हॉलच्या, कारण आत चित्रीकरणाचं जमलं नाही. म्हणजे डार्सी एका परगण्यातल्या दारातून आत शिरतो आणि दुसऱ्या परगण्यातल्या दिवाणखान्यात उगवतो. स्वल्पविरामाचं जाऊ दे, इथे घराच्या भिंतीसुद्धा एका जागी नाहीत.

त्या घराजवळ एक तळं आहे. उन्हातून घोड्यावरून आलेला डार्सी कोट काढतो, तळ्यात उडी मारतो आणि ओल्या सदऱ्यात घराकडे निघालेला असताना समोर नायिका एलिझाबेथ बेनेट येते. ज्या माणसाचं लग्नाचं मागणं तिने तोंडावर फेकलं, तो असा निथळत उभा, आणि दोघांना एकमेकांच्या घरच्यांची खुशाली विचारण्यापलीकडे काही सुचत नाही. एलिझाबेथ झालेल्या जेनिफर एलीचा चेहरा त्या वेळी बघावा. डार्सी झालेल्या कॉलिन फर्थचा पुढचा सगळा संसार त्या सदऱ्यावर उभा राहिला असं इथे गमतीने म्हणतात. ब्रिटिश टेलिव्हिजनच्या लाडक्या क्षणांची यादी निघाली की हे दृश्य त्यात असतंच.

पुस्तकात ते नाही. १८१३च्या कादंबरीत डार्सी तबेल्याकडच्या वाटेने चालत येतो, पूर्ण कपड्यांत, पूर्ण कोरडा. दोघांची नजरानजर होते, दोघे लाजेने लाल होतात. बस. तळं, उडी, सदरा हे सगळं अँड्र्यू डेव्हीस या पटकथाकाराचं. आणि ती उडीसुद्धा फर्थची नाही. लाइमच्या पाण्यात लेप्टोची भीती होती म्हणून बदली माणसाने मारली. पाण्याखालचा तुकडा नंतर स्टुडिओतल्या टाकीत घेतला. पावसाळ्यात घोटाभर पाण्यातून शाळेत गेलेल्या आपल्या लोकांना हे सांगितलं की ते दोन मिनिटं हसतात.

इंग्रजांनी यावर काय केलं? मोर्चा काढला? २०१३मध्ये त्यांनी सदरा भिजलेल्या डार्सीचा बारा फुटी फायबरग्लासचा पुतळा लंडनच्या हाइड पार्कमधल्या सर्पेंटाइन तळ्यात छातीपर्यंत बुडवून उभा केला, आणि मग तोच उचलून लाइमच्या तळ्यात नेऊन ठेवला. नसलेल्या प्रसंगाचा पुतळा! आपल्याकडे असलेल्या प्रसंगांच्या पुतळ्यांवरून काय होतं ते मी लिहीत नाही.

आणि दादा, जपण्याचंच म्हणशील तर खिशातली नोट काढ. २०१७पासून दहा पौंडांवर जेन ऑस्टेन आहे. तिच्या चित्राखाली वाचनाइतकं सुख दुसऱ्या कशात नाही अशा अर्थाचं वाक्य छापलंय. ते वाक्य पुस्तकात कोण म्हणतं? डार्सीच्या मित्राची बहीण, डार्सीवर डोळा असलेली कॅरोलाइन बिंगली. हातात धरलेलं पुस्तक तिने घेतलंय ते डार्सी वाचत असलेल्याचा दुसरा भाग आहे म्हणून. ती जांभई देते, हे वाक्य टाकते आणि पुस्तक बाजूला भिरकावते. बँक ऑफ इंग्लंडने हे छापलं आणि राज्य बुडालं नाही.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. जरा लांबलंच. उत्तर अर्थातच तयार होतं: डार्सी काल्पनिक, काशीबाई खऱ्या. खऱ्या माणसांबद्दल असलं काही चालतं का तुमच्याकडे?

चालतं की. जेन ऑस्टेन खरी होती ना? तिची बहीण कॅसँड्रा खरी होती ना? जेनची बहुतेक पत्रं कॅसँड्राने जाळून टाकली. घराण्याची लाज म्हणा, बहिणीची माया म्हणा, दोन्ही कारणं आपल्याला परकी नाहीत. त्या जळालेल्या पत्रांत काय असेल याची कल्पना करून जिल हॉर्नबी यांनी कादंबरी लिहिली आणि २०२५मध्ये बीबीसीने तिच्यावर ‘मिस ऑस्टेन’ काढली, किली हॉज कॅसँड्रा. ज्या बाईने आपलं खासगी जगापासून राखायला कागद आगीत टाकले, तिच्याच मनात शिरून चार भाग. आणि लोकांनी रविवारी संध्याकाळी चहा घेत ते बघितलं. (राजघराण्यावरच्या ‘द क्राउन’ मालिकेवरून २०२२मध्ये इथेही गहजब झाला होता, अभिनेत्री ज्युडी डेंचबाईंनी ‘टाइम्स’ला पत्र लिहून ही कल्पित कथा आहे अशी पाटी लावा म्हटलं होतं. पण ती हयात माणसं होती. ते वेगळं.)

मग दादाने ते वाक्य लिहिलं, जे अशा प्रत्येक वादात शेवटी येतंच. “तू तिकडे बसून आम्हाला शिकवू नकोस.”

तिकडे बसून. बरं. मी इकडे कशी बसले ते सांगते.

माझी डार्सीशी पहिली ओळख हिंदीत झाली. १९८५ साली दूरदर्शनवर ‘तृष्णा’ लागायची, तीही याच कादंबरीवरून. सांगलीत आमच्या शेजारी टीव्ही होता, आम्ही सगळ्या बहिणी सतरंजीवर. कोणालाही ती परक्यांची गोष्ट वाटली नाही, कारण तिच्यात होतं काय? लग्नाच्या मुली, मुलगा नाही, इस्टेट दूरच्या भाऊबंदाच्या घशात जाणार, आई हवालदिल, वडील पुस्तकात तोंड घालून बसलेले. आणि गावात नवा मुलगा आला की त्याचा पगार आधी कळतो आणि नाव नंतर. डार्सीचा मित्र बिंगली, त्याचे वर्षाला चार-पाच हजार, डार्सीचे दहा हजार. ‘पॅकेज’ हा शब्द तेव्हा सांगलीत नव्हता, एवढाच काय तो फरक. पुढे १९९५ची मालिका कॅसेटवर बघितली तेव्हा ॲलिसन स्टेडमनची मिसेस बेनेट, म्हणजे एलिझाबेथची आई, ‘माझ्या नसा!’ म्हणून किंचाळली आणि मला थेट आमची थोरली मावशी आठवली, म्हणजे दादाची आई. हे मी ग्रुपवर लिहिलेलं नाही.

माझं लग्न नव्वदच्या दशकात ठरलं. मुलगा इंग्लंडहून रजा काढून आलेला, ओळीने मुली बघत होता. त्या काळी परदेशातलं स्थळ म्हणजे आईच्या डोळ्यांत बिंगलीने शेजारचं नेदरफील्ड पार्क भाड्याने घेतल्याची चमक. मी सत्ताविसाव्याला टेकले होते, नोकरी तात्पुरती होती आणि पाठच्या बहिणीचं अडून बसलं होतं. चहा मी केला, पोहे वहिनीने, श्रेय मला. आमचे हे कादंबरीतले लाळघोटे पाद्री कॉलिन्स नाहीत, हे आत्ताच लिहून ठेवते, कारण ते हे वाचणार आहेत. पण मीही एलिझाबेथ नव्हते. पेम्बर्लीच्या टेकडीवरून घर बघून मन पालटलेली मी नाही. मी एलिझाबेथची मैत्रीण शार्लट लुकस, कॉलिन्सला हो म्हणणारी. वय सत्तावीस, रूप बेताचं, मागणी आली, हो म्हटलं.

कादंबरीतली शार्लट हे थंडपणे बोलते. मी कधीच रोमँटिक नव्हते, मला फक्त एक सुखाचं घर हवं, असं काहीसं. पुस्तक वाचताना मी तिच्यावरून पुढे गेले, ऑस्टेनबाईंनी जायला लावलं म्हणून. पण २००५च्या सिनेमात, कीरा नाइटलीच्या, शार्लट येते तेव्हा एलिझाबेथ झोपाळ्यावर बसून पीळ सोडत गरगर फिरत असते. आणि क्लॉडी ब्लेकलीची शार्लट तिला सुनावते, की मी सत्तावीस वर्षांची आहे, पैसा नाही, पुढे काही दिसत नाही, आईवडिलांवर ओझं झालेय आणि मला भीती वाटते. मला नावं ठेवायची हिंमत करू नकोस.

हे वाक्य पुस्तकात नाही. ऑस्टेनच्या शार्लटने भीतीचा उच्चार केलेला नाही. दोनशे वर्षांनी कोणीतरी तो तिच्या तोंडी घातला, आणि स्टॉकपोर्टच्या मल्टिप्लेक्समध्ये, शेजारी पॉपकॉर्न खाणारी दोन पोरं असताना, मी रुमाल काढला. मूळ संहितेशी इमान राखायचं म्हणून हे वाक्य कापा म्हणणाऱ्या माणसाशी मी काय बोलू? त्या बाईच्या मनात ते होतंच. लिहायचं राहिलं होतं.

शार्लटचं पुढचं मात्र ऑस्टेनने स्वतःच लिहिलंय आणि ते मला आताशा जास्त कळतं. लग्नानंतर कॉलिन्सच्या गावी, हन्सफर्डला, ती आपल्या बसण्यासाठी मागची खोली निवडते. पुढची मोठी आहे, तिला उजेड आहे, तरी मागची, म्हणजे नवरा सारखा डोकावणार नाही. एलिझाबेथला आधी नवल वाटतं, मग उमजतं. आमच्याकडेही एक मागची खोली आहे. बॉक्स रूमच ती. पुढच्या खोलीत मी इंग्लंडात असते: शेजारीण येते, काउन्सिल टॅक्स आणि कचऱ्याच्या बिनच्या रंगांवर बोलणं होतं, टीव्हीवर ‘बेक ऑफ’ लागतं. मागच्या खोलीत ‘स्वामी’, ‘राऊ’, ‘छावा’, नाटकांच्या सीडी आणि हा ग्रुप. दादाशी मी भांडते ती मागच्या खोलीतून. त्यामुळे ‘तिकडे बसून’ हे त्याचं म्हणणं भूगोल म्हणून बरोबर आहे, एवढंच.

आणि एक गोष्ट आहे, ती ग्रुपवर सांगण्याची माझी तयारी नाही. ऑफिसात एका गोऱ्या मैत्रिणीने ‘बाजीराव मस्तानी’ बघून मला विचारलं, त्या दोघी बायका खरंच अशा नाचल्या होत्या का? मी लगेच, अगदी दादाच्या आवाजात, “छे! पेशव्यांच्या घरात? शक्यच नाही,” म्हणून टाकलं. वर पंधरा मिनिटं शनिवारवाडा. परक्याने विचारलं की मी शनिवारवाड्याच्या बाजूने असते, घरच्यांनी विचारलं की भन्साळींच्या. यात मला काही विसंगत वाटत नाही, निदान चहाच्या सुट्टीत तरी.

पण घरच्या माणसांना घरचंच आठवण करून देते. ‘बाजीराव मस्तानी’ ज्यावर बेतला ती ‘राऊ’ ना. सं. इनामदारांची कादंबरी आहे, बखर नाही. आणि ‘स्वामी’? रणजित देसाईंची १९६२ची कादंबरी, जिच्यावर दूरदर्शनची मालिका निघाली, रवींद्र मंकणी माधवराव आणि मृणाल देव रमाबाई. ती बघताना आमचं अख्खं घर रडायचं, दादा तर उशी तोंडावर घेऊन. १७७२मध्ये थेऊरला माधवराव गेले आणि रमाबाई सती गेल्या, हा इतिहास. पण त्या आधीचं लटकं रागावणं, ती कुजबुज, ते शब्द देसायांनी रचलेले. आपण त्यांवर इतकं प्रेम केलं की तोच इतिहास होऊन बसला. पुढे २०१४च्या ‘रमा माधव’मध्ये तीच मृणाल, आता कुलकर्णी, दिग्दर्शक झाली आणि गोपिकाबाईही झाली, मंकणी नानासाहेब. कालचे नवरा-बायको आज माधवरावांचे आईवडील! मला हे फार आवडलं होतं. कोणी तक्रार केल्याचं आठवत नाही. कारण नाचलं कोणी नव्हतं.

मला तर काशीबाईंवर सहा भागांची मालिका हवीय, १९९५च्या त्या मालिकेसारखी सावकाश. युद्धं दाराबाहेर, कॅमेरा माजघरात. नवरा उत्तरेतून येतोय तो कोणाला घेऊन येतोय हे त्या माजघरात आधी कोणत्या नोकराच्या तोंडून कळलं असेल? कुठल्या कागदात नसेल तर लिहा कोणीतरी. पिंगा नको असेल तर नका घालू, तो मलाही लांबलेलाच वाटला होता.

दादाने अजून उत्तर दिलेलं नाही. वहिनीचा मात्र मला वेगळा मेसेज आला, ग्रुपवर नाही. तळ्याचा भाग कितवा?

चौथा, म्हटलं. पण पहिल्यापासून बघ, आणि सासूबाई शेजारी नसताना बघ.