भोकांपर्यंत हात जात नाही म्हणून ग्राइंडर चिकटवायचा का?

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया मोठी आणि मुद्देसूद आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. बेंच ग्राइंडर, म्हणजे धार लावायचं मोटरवरचं चाक, फळीवर बसवताना मध्ये प्लायवुडची प्लेट घाला, असं मी लिहिलं होतं. तुम्हाला तो नसता व्याप वाटतो. तुमचं म्हणणं असं: बैठकीतली भोकं मोटरच्या पोटाखाली येतात, तिथे स्क्रू ड्रायव्हर सरळ उतरत नाही. फळी भिंतीला पक्की आहे आणि खाली ब्रॅकेट आहेत, त्यामुळे नट धरायला खालूनही हात जात नाही. मग दुहेरी चिकटपट्टी किंवा सिलिकॉन लावून मोकळं का होऊ नये? दहा किलोचं यंत्र जातंय कुठे?

आधी या दहा किलोंचंच बघू. १० किलो म्हणजे साधारण १०० न्यूटन वजन. बैठक पुढून मागे १६० मिमी धरली, तर मधोमध असलेल्या वजनापासून मागची कड ८० मिमीवर येते. चाकाचा आस फळीपासून १५० मिमी उंच धरा. त्या उंचीवर पुढून मागे रेटलं की १०० गुणिले ८० भागिले १५०, म्हणजे सुमारे ५३ न्यूटनला पुढची कड उचलू लागते. साडेपाच किलोंच्याही आतला जोर झाला हा! जाड छिन्नीची धार मोडली असेल आणि ती मुळापासून काढायची असेल, तर एवढा जोर नकळत लागतो. रबरी पाय झिजून गुळगुळीत झाले असतील तर यंत्र त्याआधीच घसरेल. शिवाय टूल रेस्ट (चाकासमोर हत्यार टेकवायची पट्टी) आणि चाक यांच्यातली फट ३ मिमीच्या वर गेली आणि तिच्यात तुकडा अडकला, तर बसणारा झटका या हिशेबात धरलेलाच नाही. फिरत्या चाकासकट यंत्र कलंडू शकतं, आणि समोर आपला चेहरा असतो. म्हणून या बाबतीत मी आग्रही आहे.

आता चिकटपट्टी. ती सरळ सरकवायला गेलात तर चांगला दम धरते, पण एका कडेने सोलायला लागलात तर पटकन सुटते. ग्राइंडर मागे रेटला जातो तेव्हा पुढच्या कडेला नेमकं हे सोलणंच चालू असतं. त्यात फळीवर तेलाचा ओघळ आणि घासलेल्या लोखंडाची पूड. सिलिकॉनची अडचण वेगळी. बाजारातलं एका नळीतलं सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यावर जमतं, तेही कडेकडून आत, दिवसाला जेमतेम दोन-तीन मिमी, आणि जितकं आत जावं तितका वेग आणखी मंदावतो. वर लोखंडी बैठक आणि खाली लॅमिनेट लावलेली फळी असेल तर मधल्या भागाला हवा मिळणार कुठून? कडा हाताला घट्ट लागतात, आत मात्र लिबलिबीत राहतं. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो ते जमताना अॅसिटिक अॅसिड सोडतं, त्याने उघडं लोखंड गंजतं. चार्जर, मल्टिमीटरचा स्टँड, एक्स्टेन्शन बोर्ड अशा ज्या गोष्टी हलत नाहीत आणि ज्यांना कोणी रेटत नाही, तिथे खुशाल पट्टी लावा. मीही लावतो.

मुख्य प्रश्न हात पोचण्याचा. भोक जिथे आहे तिथेच, यंत्र जागेवर ठेवल्यावर बोल्ट आवळायचा असं धरून चाललं की वाट बंद वाटते. क्रम बदला. यंत्र टेबलावर उलटं करा, तिथे सगळी भोकं उघडी असतात. १८ मिमी प्लाय बैठकीपेक्षा डावी-उजवीकडे आणि पुढे पन्नास-साठ मिमी जास्त कापा. बोल्ट प्लेटच्या खालून घाला, डोकी कौंटरसंक करून, म्हणजे भोकाचं तोंड उतरतं रुंद करून, पृष्ठभागाच्या आत बुडवा आणि नट बैठकीच्या बाजूला घ्या. कौंटरसंक बोल्टला अॅलन कीची (षटकोनी किल्लीची) खाच असते, त्यामुळे फिरवायचं ते प्लेटखालून. मोटरच्या पोटाखाली फिक्स पान्याने नट नुसता धरून ठेवायचा. आता ही प्लेट फळीवर ठेवली की तिच्या बाहेर आलेल्या कडांवर ड्रिल सरळ उभं राहतं.

मागच्या कडेला हात जात नाही, हा तुमचा आक्षेप इथेही उरतोच. तिथे बोल्टच नको. प्लेटच्या मागच्या कडेला निम्म्या जाडीची खाच काढा आणि फळीवर मागच्या बाजूला तशीच उलटी खाच असलेली लाकडी पट्टी आधीच, यंत्र आणण्यापूर्वी, स्क्रूने बसवा. प्लेट पुढून सरकवली की तिची मागची जीभ पट्टीखाली जाऊन बसते. मग पुढच्या कडेला दोन आरपार बोल्ट पुरतात, आणि फळीच्या पुढच्या कडेखाली तुमचा हात जातो. वरच्या हिशेबात उचलली जाते तीही पुढचीच कड. जिथे ताण येतो तिथेच बोल्ट पडतात, म्हणून मला ही पद्धत सर्वांत आवडते. फळी पार्टिकल बोर्डाची असेल तर इथे स्क्रूवर विसंबू नका, भुशात ते धरत नाहीत; आरपार बोल्ट आणि खाली मोठं वॉशर हवंच.

फळी ब्रॅकेटवरून एकदा काढता येत असेल तर प्लेटशिवायही जमतं. कागदावर बैठकीचा ठसा घ्या, त्यावरून फळीला भोकं पाडा, खालून एम ८ (८ मिमी जाडीचे) बोल्ट घालून वरून बारीक उंचीच्या नटाने फळीतच आवळून टाका आणि फळी परत बसवा. तो नट बैठकीखालच्या पोकळीत मावेल एवढं बघा. यंत्र या उभ्या स्टडांवर, म्हणजे वर आलेल्या बोल्टच्या टोकांवर, वरून उतरवायचं. वरचा नट ओवायला स्टडच्या टोकावर नटाच्या उंचीएवढी मोकळी जागा लागते, म्हणून लांबी आधी मोजा, नाहीतर स्टड मोटरला टेकतो. आवळायला १३ चा फिक्स पाना आडवा घाला. त्याचं तोंड दांड्याला १५ अंशांनी तिरकं असतं; प्रत्येक झटक्यानंतर पाना उलटा केला की ३० अंश फिरण्याएवढ्या जागेतही नट पुढे सरकत राहतो. वेळ लागतो, पण होतं.

बैठकीलाच सोयीच्या जागी नवी भोकं पाडायची तुमची सूचना मात्र मला पटत नाही. बैठकीचं बीड (ओतीव लोखंड) ठिसूळ असतं, कडा पातळ असतात. उंचसखल फळीवर एक पाय अधांतरी ठेवून बोल्ट आवळला तर मूळच्या भोकाशीही पाय तडकतो. आधी खाली पत्र्याची चकती सारून चारही पाय टेकवा, मगच आवळा.

‘नट-बोल्टही ढिले होतातच की’ हे तुमचं म्हणणं खरं आहे. ५० हर्ट्झच्या विजेवर मिनिटाला साधारण २८५० फेऱ्यांचा ग्राइंडर सेकंदाला सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वेळा थरथरतो. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये दाखवून दिलं की बोल्टच्या आडव्या दिशेने होणारी हालचाल नटाला सर्वांत लवकर सोडवते, आणि त्याच प्रकारच्या चाचणीत साधं स्प्रिंग वॉशर फारसं टिकत नाही. म्हणून नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) वापरा. लाकूड दबतं, तेव्हा आठवड्याभराने पुन्हा एकदा पाना लावा.

राहिला तुम्ही विचारलेला, त्याच फळीवर बसवायचा पॉवर सप्लाय, ज्याच्या डब्याला भोकंच नाहीत. खालचे रबरी पाय बघा, बहुतेकदा ते स्क्रूने बसवलेले असतात. त्याच आट्यांत प्लेटच्या खालून लांब स्क्रू घालता येतो, रबरी पाय मध्ये तसेच ठेवून, म्हणजे खालच्या जाळीला हवा मिळत राहते. मात्र प्लग काढून जुना स्क्रू डब्याच्या आत किती जात होता ते मोजा आणि नवा त्यापेक्षा एक मिलिमीटरही जास्त आत जाऊ देऊ नका. आत सर्किट बोर्ड किती जवळ आहे ते बाहेरून दिसत नाही.

तुमच्या फळीची जाडी आणि पुढच्या कडेपासून ब्रॅकेटचं अंतर कळवा, बोल्टच्या जागा सांगतो.