मुंडकं नसलेला घोडेस्वार त्या पुस्तकात नाहीये!

अमेरिकन लेखक वॉशिंग्टन अर्विंगचा तो बिनमुंडक्याचा घोडेस्वार 'टेल्स ऑफ अ ट्रॅव्हलर'मधला आहे असा मेसेज फिरतोय, तर तसं नाहीये. त्या घोडेस्वाराची गोष्ट ('स्लीपी हॉलो'ची) त्याच्याच 'द स्केच बुक'मधली, 1820 ची, आणि हे 'टेल्स ऑफ अ ट्रॅव्हलर' आलं 1824 ला. घोळ बहुतेक यामुळे होत असेल की यातही मुंडक्याची एक गोष्ट आहे, क्रांतीच्या काळातलं पॅरिस, वादळी रात्र, एका जर्मन विद्यार्थ्याला गिलोटिनपाशी (मुंडकं उडवायच्या यंत्रापाशी) बसलेली बाई भेटते, गळ्यात काळा पट्टा, तो तिला घरी नेतो, सकाळी ती मेलेली, पोलीस पट्टा सोडतो आणि डोकं गडगडत जमिनीवर! (मला तर हीच जास्त भारी वाटते.) सैतान आणि टॉम वॉकरची गोष्ट मात्र खरंच यातलीच.