चार पाकळ्या म्हणजे मोहरी आणि मोहरी म्हणजे भाजी? जरा थांबा

शनिवारी दुपारी घरी आले तर किचनच्या सिंकमध्ये चिखलाने माखलेली मुळं. आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे कोलंबसला आलीय, आणि घरामागच्या ओढ्यावर जाऊन तिने पिशवीभर "भाजी" उपटून आणली होती. का, तर मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी टाकलेला मेसेज तीन काकूंकडून फिरत फिरत तिच्याकडे आला. मेसेज थोडक्यात असा: ओहायोत एप्रिलमध्ये दलदलीत, ओढ्याकाठी चार पाकळ्यांचं फूल दिसलं की ते मोहरीच्या कुळातलं, पांढरं ते स्प्रिंग क्रेस, जांभळं ते पर्पल क्रेस, ओळखायला रंग पुरे, या कुळात विषारी काही नसतं, त्यामुळे पानं-फुलं-मुळं सगळं बिनधास्त खा, आणि तशीही ही सगळी गार्लिक मस्टर्ड नावाच्या उपद्रवी तणाची भावंडं, उपटलीत तर जंगलाची सेवाच. खाली जोडलेले हात आणि एक सूर्यफूल.

आईवर चिडून काय उपयोग, म्हणून इथे लिहितेय.

चार पाकळ्यांचं आधी उरकते. इथल्या ओलसर गवतात ब्लुएट नावाची इवलीशी निळसर पांढरी फुलं येतात, त्यांनाही चारच पाकळ्या, आणि ती चक्क कॉफीच्या कुळातली. ओल्या जंगलात पिवळी सेलंडाइन पॉपी असते, तीही चार पाकळ्यांची, ती अफूच्या कुळातली. आपल्याकडची पिवळी तिळवण आठवा, चार पाकळ्या असूनही ती मोहरी नाही. मोहरीचं कुळ बघायचं तर पाकळ्यांच्या आत बघा: सहा पुंकेसर, चार लांब आणि दोन आखूड, आणि खाली लांबट शेंग धरायला लागलेली. (त्यातही हेअरी बिटरक्रेससारख्या तणाला बहुतेक वेळा चारच पुंकेसर असतात, म्हणजे नियमाला अपवाद आहेच.)

रंगाचं म्हणाल तर अर्धं खरं आहे, मान्य. स्प्रिंग क्रेस, म्हणजे कार्डामाइन बल्बोसा, पांढरंच असतं. पर्पल क्रेस, म्हणजे कार्डामाइन डग्लासी, बहुतेकदा गुलाबी-जांभळं. पण डग्लासी फिकं होत होत पांढरंही सापडतं, तिथे रंगावर विसंबलात की फसलात. मग देठ बघायचं. डग्लासीच्या देठावर लव असते, उन्हात तिरकं धरलं की दिसते, आणि कळीखालची निदलं (पाकळ्यांच्या खालची छोटी पानं) जांभळट असतात. बल्बोसाचं देठ जवळजवळ गुळगुळीत आणि निदलं हिरवी. शिवाय एकाच ठिकाणी दोन्ही असतील तर डग्लासी दोनेक आठवडे आधी फुलून जातं. दोघांची पानं साधी, न चिरलेली, एवढं मात्र सारखं. पानं मुळ्याच्या पाल्यासारखी तुकड्यातुकड्यांची असतील तर ही दोन्ही नाहीत, ते वॉटरक्रेस असेल, पेन्सिल्व्हेनिया बिटरक्रेस असेल नाहीतर कुकूफ्लॉवर. म्हणजे "पांढरं ते स्प्रिंग क्रेस" या एका वाक्यात चार-पाच झाडं कोंबलीयत!

आता तो मुळांचा मुद्दा, ज्याच्यासाठी माझं डोकं फिरलं. मोहरीचं कुळ तसं सज्जन आहे, हेही मान्य. मुळा, कोबी, नवलकोल, बाळंतिणीच्या लाडवातला हाळीव, सगळे याच घरातले, आणि स्प्रिंग क्रेसचा छोटा कंद खरंच झणझणीत लागतो, लोक हॉर्सरॅडिशसारखा किसून वापरतातही. पण अहो, दलदलीत काय फक्त मोहरीच उगवते का? त्याच चिखलात वॉटर हेमलॉक असतं. ते कोथिंबीर-गाजराच्या कुळातलं आणि उत्तर अमेरिकेतल्या सगळ्यात विषारी झाडांमध्ये त्याची गणती होते. एप्रिलमध्ये त्याला फूल नसतं, नुसती कोवळी पानं, आणि विष सगळ्यात जास्त मुळात. म्हणजे वर चार पाकळ्या दिसतात एकाच्या आणि चिखलात हात घातला की हाताला लागतं दुसऱ्याचंच मूळ. तिथे तुमचा फुलाचा नियम काय कामाचा?

हे मी घाबरवायला म्हणत नाहीये. अमेरिकेच्या सीडीसीच्या, म्हणजे सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या, साप्ताहिक अहवालात एप्रिल १९९४ मध्ये याच वॉटर हेमलॉकची एक केस छापलीय. ऑक्टोबर १९९२, मेन राज्य, दोन भाऊ जंगलात जिनसेंग नावाची औषधी मुळी शोधत होते, एक २३ वर्षांचा, एक ३९ चा. धाकट्याने दलदलीतून काही झाडं उपटली आणि एका मुळाचे तीन घास खाल्ले, थोरल्याने एकच. अर्ध्या तासात धाकट्याला उलटी आणि झटके सुरू झाले आणि मूळ खाल्ल्यापासून साधारण तीन तासांत तो गेला. थोरल्यालाही झटके आले, तो वाचला. तीन घास! आपण कोशिंबिरीत त्याहून जास्त मुळा घालतो.

हे आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, "अगं पण मी वास घेऊन बघितलं होतं." वॉटर हेमलॉकच्या मुळाला गाजराच्या जातीचा वास येतो, आई. चांगला येतो.

आणि पानं फक्त खायची म्हटलं तरी वॉटरक्रेस कच्चं खायचं असेल तर वरच्या बाजूला गाई-मेंढ्या चरत नाहीत ना ते बघा, लिव्हर फ्लूक नावाचा यकृतातला कृमी त्यातूनच पोटात जातो.

राहिली "सेवा". गार्लिक मस्टर्ड युरोपातून आलेलं उपद्रवी तण आहे, ते उपटणाऱ्याला माझा नमस्कारच. पण त्याचं पान चुरगळलं की लसणाचा वास येतो आणि पानाची कड दातेरी असते. स्प्रिंग क्रेस, पर्पल क्रेस ही इथलीच मूळची झाडं. त्यांची भावंडं टूथवर्ट, तीही इथलीच, त्यांच्यावर वेस्ट व्हर्जिनिया व्हाइट नावाचं फुलपाखरू अंडी घालतं. ते चुकून गार्लिक मस्टर्डवर अंडी घालतं तेव्हा अळ्या मरतात. म्हणजे आधीच गोंधळलेल्या फुलपाखराच्या ताटातलं तुम्ही भावंडं भावंडं म्हणून उपटून न्यायचं, आणि वर सेवा! नेचर प्रिझर्व्हमधून, म्हणजे राखीव निसर्गक्षेत्रातून, तर काही उपटायला परवानगीच नसते, ते वेगळंच.

संध्याकाळी पेपर पसरून आईची पिशवी निवडली. आठ-दहा स्प्रिंग क्रेस, थोडं गार्लिक मस्टर्ड, आणि दोन जाडसर मुळं ज्यांचा पालाच तुटून गेलेला. हातमोजे घालून सगळंच कचऱ्यात टाकलं, सिंक दोनदा घासलं. मग आईला विचारलं, "तू हा मेसेज पुढे नाही ना पाठवलास?"

"सांगलीच्या भिशीच्या ग्रुपवर टाकला."

"सांगलीत कुठेयत ही फुलं?"

"नाहीत ना, म्हणूनच टाकला. फोटो छान होते."