एक जूनवाले

आमची कंपनी शेतीपंप विकते आणि मी तिथे डेटा निवडतो. आई तांदूळ निवडते तसाच. फरक इतकाच की, आईला खडा सापडला की ती फेकून देते. मला सापडला की मेल टाकावा लागतो आणि उलट मेल येतो: 'हा खडा नसून आमच्या विभागाची पद्धत आहे.'

पिन कोडच्या रकान्यात 'मारुतीच्या देवळामागं'. मोबाइल नंबर दहा वेळा नऊ, कारण रकाना रिकामा ठेवला तर बिल निघत नाही आणि गिऱ्हाईक काउंटरवर ताटकळलेलं असतं. एकच शिंदे तीन स्पेलिंगांनी तीनदा. त्यांची गावंही तीन: औरंगाबाद, संभाजीनगर आणि 'छ. सं. नगर'. हे सगळं सवयीचं झालंय.

पण गेल्या वर्षी मी ग्राहकांच्या जन्मतारखांचा आलेख काढला. वर्षभर सपाट माळ आणि १ जूनला एकदम कळसूबाई!

आमचे साहेब चेन्नईचे. म्हणाले, "ही तारीख सिस्टीमनं आपोआप भरलीय. सगळी पुसून टाक."

आता त्यांना कसं सांगावं, की ही सिस्टीम म्हणजे आमचे गुरुजी! पोरगं शाळेत घालायला आणलं की गुरुजी विचारायचे, "जन्म कधीचा?" आई सांगायची, "पेरणी चालली होती बघा." शाळा जूनमध्ये सुरू होणार, वय तर बसायला हवं, गुरुजी टाकायचे १ जून. माझे बाबाही त्यातलेच. आजीच्या हिशेबाने ते ७२च्या दुष्काळात, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जन्मले. कागदावर १ जून १९७२. म्हणजे सरकारदरबारी बाबा जन्माआधीच तीन महिन्यांचे होते.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "याचं डॉक्युमेंटेशन आहे का?"

त्याच आलेखात ६ जानेवारीलाही एक टेकडी होती. तिचा छडा लावायला दोन दिवस गेले. एका कॉम्प्युटरवर तारीख अमेरिकन पद्धतीची होती, आधी महिना, मग दिवस. त्यामुळे १/६ लिहिलेले सगळे एक जूनवाले एक्सेलने गपचूप थंडीत नेऊन टाकले होते. मी एकेक हुडकून परत जूनमध्ये आणला. नोकरीत पहिल्यांदाच काहीतरी केल्यासारखं वाटलं.

फक्त मार्केटिंगवाल्यांची स्वतःची जुनी फाइल होती, हे मला कुणी सांगितलं नाही.

यंदा ६ जानेवारीला सकाळी बाबांचा फोन. माझ्या सवलतीत एक पंप त्यांनीही घेतलाय.

"अरे, तुमच्या कंपनीचा मेसेज आलाय. वाढदिवसाच्या शुभेच्छा म्हणे. हे कधी ठरलं?"

मी काही बोलायच्या आत मागून आजीचा आवाज आला, "आत्ता कुठला रे पोळा?"