‘निव्वळ सजावट’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार,

आपली प्रतिक्रिया तीनदा वाचली. वारली चौकावरचा, म्हणजे वारली आदिवासींच्या लग्नात बायका घराच्या भिंतीवर देवीचं जे चित्र काढतात त्यावरचा, माझा लेख आपल्याला भाबडा वाटला. आपलं म्हणणं असं: वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्या पद्मश्रीचं साल मी चुकवलं, चौकातल्या देवीमुळे बायकांचं काहीच भलं होत नाही, आणि वर, “लग्नातला चौक ही निव्वळ सजावट, त्यात अध्यात्म शोधणं ही शहरी बायकांची हौस.” साल चुकलं, मान्य. २०१० नव्हे, २०११. दुरुस्त केलंय, आभारी आहे.

पण हौस? विठ्ठलावर लिहिणाऱ्या पुरुषाच्या भक्तीला कुणी हौस म्हटल्याचं मी आजवर वाचलेलं नाही. मतभेद सांगायला दुसरा शब्द सुचला नाही आपल्याला?

माझं लहानपण डहाणू तालुक्यात गेलं. आई तिथे शिक्षिका होती. आठ-नऊ वर्षांची असेन, आईबरोबर पाड्यावर लग्नाला गेले. आतल्या अंधाऱ्या खोलीत गेरूने सारवलेली भिंत. सवासिणी तांदळाचं पीठ पाण्यात कालवून बांबूच्या काडीने चौक काढत होत्या. मधोमध पालघट, सुफलतेची देवी. लग्न लावणारी बाई, धवलेरी, गात होती, गाण्यातून एकेका देवाला लग्नाला बोलावत होती. ओल्या रेषेला बोट लावायला गेले, तर एका म्हातारीने मनगटच धरलं. “देव हाय तिथं,” एवढंच म्हणाली. ती पकड मला अजून आठवते. सजावटीसाठी कुणी पोराचं मनगट असं धरत नाही हो.

चौकाशिवाय लग्न लागत नसे. तो काढायचा सवासिणींनी, लग्न लावायचं धवलेरीने. म्हणजे देवीला घरात आणणं सगळं बायकांच्या हाती. १९७०च्या दशकात पाड्यांवर कागद पोचला आणि पुरुष चित्रं काढू लागले. मशे त्यातले थोरच, त्यांच्या कलेबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण कागदावरची चित्रं बाजारात आली, दिवाणखान्यांत लागली, आणि भिंतीवरची पालघट मागे राहिली. तुम्ही सजावट म्हणताय ती त्या कागदावरची. मी लिहिलं ते भिंतीबद्दल. लेख नीट वाचला असता तर हे मला पुन्हा सांगावं लागलं नसतं.

देवीमुळे भलं झालं की नाही, या वादात मी इथे शिरत नाही.

पुन्हा लिहाल तेव्हा एवढं जरूर कळवा: तुम्ही चौक कुठल्या पाड्यावर, कुणाच्या लग्नात पाहिलात?