ईसीजी नॉर्मल आहे, मग छातीत गचका कशाचा?

ईसीजी नॉर्मल आला की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. ज्याच्या छातीत धडधडतंय त्याचा मात्र फार तर दोन दिवस. मग रात्री जेवून आडवं व्हावं, डाव्या कुशीवर वळावं, की बसलाच परत गचका. मधला एक ठोका गायब, आणि पुढचा असा जोरात की गळ्यापर्यंत जाणवतो. लगेच डोकं चालू: मशीन लावलं तेव्हा नेमकं हे आलंच नसेल तर?

आमच्या लातूरकडं छातीत काही झालं की निदानं दोनच. गॅस नाहीतर अ‍ॅटॅक. आधी ओवा, मग इनो, नाही थांबलं तर गाडी काढा. एखादी म्हातारी मीठमोहऱ्या उतरवून टाकते, तेही चालतं. पण हृदय ठणठणीत असताना माणूस निव्वळ धास्तीनं बेजार होतो, त्यालाही उपचार लागतो, हे कुणी बोलतच नाही.

या धडधडीपायी मी बरेच दवाखाने केले. "काही नाही, टेन्शन घेऊ नका" हे वाक्य एवढ्या वेळा ऐकलं की त्याचंच टेन्शन यायचं. शेवटी एका डॉक्टरांनी चिठ्ठीच्या पाठीमागं पेनानं ईसीजीची रेघ काढली. सारख्या अंतरावर टोकं. मग एक टोक जरा लवकर, त्याच्यापुढं मोकळी जागा, मग परत सारखी टोकं. म्हणाले, "गुरुजी, तुमचा ठोका चुकत नाही. तो घाई करतो."

हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात एक केंद्र असतं, तिथून प्रत्येक ठोक्याचा इशारा निघतो. कधीकधी दुसरीच एखादी जागा मध्ये लुडबुड करून आधीच इशारा देते. हृदय पुरतं भरलेलं नसतं, म्हणून तो ठोका हलका पडतो, मनगटाला लागतही नाही. त्यानंतर जरा थांबा येतो. तेवढ्या वेळात हृदय जास्त भरतं आणि पुढचा ठोका दणकून बसतो. म्हणजे ज्याला आपण घाबरतो तो दणका नेहमीचाच ठोका असतो. दिवसाला आपलं हृदय साधारण एक लाख वेळा ठोके देतं. धडधाकट माणसांना चोवीस तास होल्टर, म्हणजे अंगावर बांधून ठोके नोंदवणारं छोटं मशीन, लावलं तरी बहुतेकांच्या नोंदीत असे दोनचार घाईचे ठोके सापडतात. फरक एवढाच की त्यांना ते जाणवत नाहीत, आपल्याला जाणवतात.

ती चिठ्ठी माझ्या पाकिटात अजून आहे. कुठल्याही गोळीपेक्षा तिनं जास्त काम केलं. डॉक्टर मंडळींना वेळ नसतो, बाहेर रांग असते, सगळं कबूल. पण रेघ काढायला काही फार वेळ लागत नाही.

"मशीनवर आलंच नसेल तर" ही शंकाही येडपटपणाची नाही. साधा ईसीजी दहाएक सेकंदांचाच असतो. म्हणून तर गरज वाटली तर होल्टर लावतात, टू-डी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करतात, रक्तात हिमोग्लोबिन, थायरॉईड, पोटॅशियम बघतात. असे ठोके एकूण ठोक्यांच्या दहा-पंधरा टक्क्यांच्या वर गेले तर हृदयाच्या स्नायूवर ताण येऊ शकतो, म्हणून मोजणंही गरजेचं. आणि धडधडीसोबत चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं, दम लागणं, पळताना किंवा कष्टाचं काम करतानाच धडधड सुरू होणं, आधीचा हृदयविकार, घरात एखादं तरणंताठं माणूस अचानक गेलेलं, यातलं काही असेल तर ही पोस्ट वाचत बसू नका. दवाखाना गाठा. मी लिहितोय ते तपासण्या होऊन सगळं नीट निघालेल्यांसाठी.

कारण खरी गोची तिथून पुढं आहे. माणूस रिपोर्टची फाईल घेऊन घरी येतो आणि दोन बोटं मनगटावर ठेवतो. भीतीनं अ‍ॅड्रेनालिन वाढतं, त्यानं ठोके वाढतात, घाईचे ठोकेही वाढू शकतात. ते बोटांना लागले की भीती आणखी. घड्याळात नाडी दिसायला लागल्यापासून तर ताळतंत्रच राहिलं नाही. मी वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता घड्याळाकडं बघायचो. घरी बायको म्हणायची, "अहो, सोडा की ते मनगट! पोरं बघायलेत."

माझ्या मते या धास्तीच्या आजाराचं खरं खाणं म्हणजे खात्री. नाडी बघून खात्री, गुगलून खात्री, परत ईसीजी काढून खात्री. प्रत्येक खात्री घटकाभर पुरते आणि पुढच्या वेळी जास्त लागते. तंबाखूची तलफ असते तसंच आहे हे.

माझी आई औसा तालुक्यातली. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्यानंतर कितीतरी महिने आमच्या भागातली माणसं पडवीत, अंगणात, पत्र्याखाली झोपली. रात्री रस्त्यानं ट्रक गेला, पत्रा थरथरला, की सगळी पोरंबाळं घेऊन बाहेर. ट्रक खरा, थरथरही खरी, भूकंप तेवढा नसायचा. आईला नंतर विचारलं, घरात परत झोपायला कधी लागलीस? म्हणाली, "भ्या गेलं म्हणून न्हाई गेले आत. थंडी पडली, लेकरं कुडकुडायली, म्हणून गेले. दोनचार राती डोळा लागला न्हाई. मग लागायला लागला." आता होणार नाही असं तिला कुणी लिहून दिलं नव्हतं.

मीही तेच केलं. घड्याळ कपाटात टाकलं. गचका बसला की हातातलं काम थांबवायचं नाही, फळ्यावरचं वाक्य पुरं करायचं, श्वास सावकाश सोडायचा. बसायचं नाही, पाणी मागायचं नाही, मनगट धरायचं नाही. सुरुवातीला अंगाला घाम सुटायचा. गचके आजही येतात, मेमधल्या उन्हात पाणी कमी पडलं, जागरण झालं, की जास्तच. चहानं काहींना वाढतं, मला फरक पडला नाही, सुदैवानं. तंबाखू मळता मळता "छातीत लई धडधडायलंय" सांगणाऱ्यांना मात्र काय बोलावं कळत नाही. निकोटीन नाडी वाढवतं, एवढं तरी ऐका.

एकट्याच्यानं होत नसेल तर सीबीटी नावाची, विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी मानसोपचाराची पद्धत आहे, त्यात हेच शिस्तीत शिकवतात. त्रास फार असेल तर गोळ्याही असतात, पण डॉक्टरला विचारून. दमा असेल तर आधी सांगा, काही गोळ्या दमेकऱ्याला चालत नाहीत. मानसोपचाराचं नाव काढलं की "मी काय येडा हाय का" म्हणणाऱ्यांसाठी सरकारची टेलिमानस ही फोनवरची हेल्पलाईन आहे, 14416. ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि कोण बोलतंय ते गल्लीत कुणाला कळत नाही.

घरच्यांनाही एक विनंती. रिपोर्ट नीट आल्यावर माणूस "धडधडतंय" म्हणाला तर "काही नाही झालं" म्हणू नका, आणि दर वेळी गाडीही काढू नका. "बरं, धडधडू दे, चल भाजी आणू" एवढं पुरतं. आणि ते नाचता नाचता कोसळणाऱ्या पोरांचे व्हिडिओ ग्रुपवर टाकणं कृपा करून बंद करा.