पेशंटचा व्हिडिओ टाकण्याआधी

आपल्या सांगलीतल्या एका क्लिनिकचा व्हिडिओ सध्या ग्रुपवर फिरतोय. एका बाईंच्या चेहऱ्याची एक बाजू लुळी पडलेली, हसताना तोंड वाकडं होतंय, आणि पुढच्या दृश्यात चेहरा पूर्ववत. डोळ्यांवर काळी पट्टी टाकलीय. तरी खाली कमेंट आलीच, "अगं, या आपल्या गल्लीतल्याच ना?" साडी, आवाज, बोलायची ढब यावरून आपल्याकडं माणूस ओळखू येतं. मुंबईत खपून जाईल, इथं नाही.

मी विश्रामबागेत फिजिओथेरपीची प्रॅक्टिस करते. असे व्हिडिओ बंद झाले पाहिजेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

"आम्ही विचारून टाकतो," असं सांगितलं जातं. पण विचारता कधी? बाई टेबलावर आडव्या आहेत, अजून बरीच सिटिंग बाकी आहेत आणि बरं होणं तुमच्या हातात आहे. अशा वेळी मॅडमना नाही कोण म्हणेल? भिडेपोटी हलवलेली मान म्हणजे होकार नव्हे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 सांगतो की संमती मोकळेपणानं दिलेली हवी आणि ती मागेही घेता आली पाहिजे. व्हॉट्सॲपवर गावभर गेलेली क्लिप कुठून मागे घेणार?

शिवाय आमचं काम फार जवळचं. सर्जनकडं पेशंट थोडा वेळ बसतो, आमच्याकडं महिना महिना रोज येतो. अंगावरचे कपडे बाजूला करावे लागतात आणि हात चालू असताना माणूस मनातलं बोलतं. बाळंतपणानंतर खोकलं-शिंकलं की लघवी होते, हे सांगायला बाया किती दिवस घेतात! कंबरदुखी म्हणून येतात, चौथ्या-पाचव्या दिवशी हळूच विचारतात, "मॅडम, आणखी एक होतं..." आणि पडद्यापलीकडं त्यांच्या नणंदेची मैत्रीण शेक घेत पडलेली असते. पडद्यानं दिसत नाही इतकंच, ऐकू सगळं येतं. हे विचारायला दार लागणारी खोलीच हवी. जागा लहान असेल तर वेळ वेगळी द्या, पण हॉलमध्ये विचारू नका.

मला सर्वांत त्रास होतो तो सोयरिकीच्या चौकशीचा. "ती मुलगी तुमच्याकडं येत होती म्हणे. मणक्याचं काही आहे का? बघायला जायचंय, म्हणून विचारलं." विचारणारे ओळखीचे, वयानं मोठे असतात. त्यावर "काही विशेष नाही हो" असं म्हणणारे फिजिओ मला माहीत आहेत. हेतू चांगलाच असतो. पण ती येत होती, हे तुम्ही सांगून बसलात. आणि पुढच्या मुलीच्या वेळी गप्प राहिलात तर लोक त्याचाही अर्थ काढणार. म्हणून माझं उत्तर सगळ्यांना एकच असतं, "माझ्याकडं कोण येतं ते मी सांगत नाही." काही जण रागावतात. रागावू देत.

तालमीतल्या पोरांचंही तेच. कुठला गुडघा कच्चा आहे हे समोरच्या मल्लाला कळलं तर तो पट काढायला तिथंच शिरणार. फी वस्ताद भरत असले तरी त्या पोराच्या परवानगीशिवाय रिपोर्ट त्यांनाही देऊ नये.

गप्प बसायचं नाही अशाही जागा आहेत. ऑपरेशन केलेल्या सर्जनना उपचारापुरतं कळवावंच लागतं, आणि तेही पेशंटला सांगून. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर 2012 च्या पोक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तिथं घरच्यांनी कितीही हातापाया पडून विनवलं तरी ऐकायचं नाही.

पेशंटांनाही सांगते. मोबाईल समोर धरला तर "नको" म्हणा, कारण द्यायची गरज नाही. आधी होकार दिला असेल आणि आता नको वाटत असेल, तर व्हिडिओ काढून टाकायला सांगा. त्यावरून कुणी उपचारात हात आखडता घेतला, तर सरळ दुसरीकडं जा. केसपेपर आणि रिपोर्टच्या प्रती मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे.